तीस बाटल्यांचा पंचनामा

गुडघा हा माणसाचा खासगी अवयव आहे, असं लातूरच्या बसवनगरात कुणी मानत नाही. पोट बिघडलं तर माणूस घरात गप्प बसेल, पण गुडघा दुखायला लागला की तो चार घरी सांगून येतो आणि येताना आठ उपाय घेऊन येतो. कुणी एरंडाचं पान बांधायला सांगतं, कुणी वाळूचा शेक, कुणी उदगीरच्या एका माणसाचा पत्ता देतं, जो म्हणे नुसता हात फिरवतो. त्यामुळे मन्मथ धनुरेवर आपल्या तेलाची माणसांवर चाचणी घ्यायची वेळ आली, तेव्हा दुखरे गुडघे कुठून आणायचे ही चिंता त्याला पडली नाही. बाकी चिंता पुष्कळ पडल्या. त्यातली एकही खरी ठरली नाही, कारण जे झालं ते त्याच्या यादीत नव्हतंच.

मन्मथ चौतीस वर्षांचा होता आणि नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूच्या एका फार्मसी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. तासिका तत्त्वावरचा माणूस वर्गात असेपर्यंत सर असतो. तास संपला की तो आवारात उभा असलेला कुणी एक गृहस्थ असतो. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि त्याची पीएचडी सहा वर्षं चालली होती. विषय साधा होता: निर्गुडीच्या पानांच्या अर्कानं दुखणं आणि सूज खरंच उतरते का, आणि किती. नोंदणीची मुदत एकतीस जुलैला संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सगळं पुन्हा पहिल्या पानापासून. इकडे लातुरात आईवडील मुली बघत होते. मुलीकडचे विचारत, "मुलगा काय करतो?" घरचे सांगत, "पीएचडी करून राहिला." पलीकडून येई, "अजून?" या एका शब्दावर चार स्थळं गेली. स्थळं गेल्याचं मन्मथला फारसं दुःख नव्हतं, त्यातल्या तीन मुली तर त्यानं पाहिल्याही नव्हत्या. त्याला तो शब्द लागत असे.

वडील बसलिंगप्पा यांचं गंजगोलाईत काष्ठौषधींचं जुनं दुकान होतं, आणि या संशोधनात त्यांना पहिल्यापासून स्वतःचा अपमान दिसत होता. "माझा आजा निर्गुडीचं तेल द्यायचा. बैलगाडीत आलेला मानूस पायी जायचा. आता त्यात तपासायचं काय ऱ्हायलं?"

"अप्पा, किती माणसं पायी गेली ते कुणी लिहून ठेवलं नाही."

"गेलेल्याला कशाला मोजायचं? न गेलेला दारात बसलेला दिसतोयच की!"



निर्गुडी काही हिमालयातून आणावी लागत नाही. मराठवाड्यात ती बांधाबांधावर उगवते आणि शेळीसुद्धा तिच्याकडे वळून बघत नाही. पण संशोधनात ती निर्गुडीच आहे असा दाखला लागतो, आणि दाखला देणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञांना फुलांसकट फांदी लागते. मन्मथनं पहिल्यांदा नुसती पानं नेली. ते म्हणाले, फुलं आणा. फुलं आली तेव्हा ते रजेवर होते. शेवटी अर्धापूरला एका केळीच्या बागेच्या बांधावर तो फुललेल्या फांद्या पोत्यात भरत असताना बागेचा मालक येऊन उभा राहिला. त्यानं पोतं उलटं करून पाहिलं. पोत्यात केळी नव्हती, आणि त्यामुळे त्याचा संशय जास्तच बळावला. "एवढी केळी सोडून मानूस पाला कामून चोरून राहिला?" मन्मथनं त्याला निर्गुडीचं लॅटिन नाव सांगितलं. त्यानंतर दोघांना पोलीस पाटलाकडे जावं लागलं आणि दुपारची बस चुकली.

उंदरांवरचा भाग मात्र छान पार पडला. पांढऱ्या उंदरांच्या पंज्याला सूज आणायची, निम्म्यांना अर्क द्यायचा, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि तासातासाला सूज मोजायची. अर्कवाल्यांची सूज भराभर उतरली, पाणीवाल्यांची तशीच राहिली. मार्गदर्शक डॉ. सत्यशीला मॅडम एरवी प्रत्येक पानावर फक्त "पुढे" म्हणत. हे आकडे पाहून त्या "बरं" म्हणाल्या. मन्मथनं हे कौतुकानं घरी सांगितलं, तर आई नीलम्मा म्हणाली, "आधी पाय सुजवायचा अन् मग बरा करायचा? मग सुजवलाच न्हाई तर?" ती मुंगी चुकवून पाय टाकणारी बाई. मन्मथनं विषय बदलला. उंदरांचा एक मोठा गुण त्याच्या तेव्हा ध्यानात आला नाही, तो पुढे फार आठवला. उंदीर कुणाचं भलं व्हावं म्हणून खोटं सांगत नाही.

राहिला होता तो शेवटचा भाग, माणसांवरचा. तीस माणसं, सहा आठवडे, दिवसातून दोनदा गुडघ्याला तेल. पंधरा जणांना निर्गुडीच्या अर्काचं आणि पंधरा जणांना नुसतं तिळाचं. दोन्हींत सारखाच हिरवा रंग आणि सारखाच कापराचा वास. बाटल्यांवर फक्त एक ते तीस आकडे. कुठल्या आकड्यात औषध आणि कुठल्यात साधं तेल, ही यादी सत्यशीला मॅडमनी स्वतः केली, पाकिटात घातली, लाखेनं बंद केली आणि आपल्या कपाटात ठेवली. लावणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्या मन्मथलाही माहीत नाही. कुणाच्या मनाचा परिणाम आकड्यांवर होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

पण आधी नैतिकता समिती. तिचे आठ सभासद. पहिली बैठक लग्नसराईत सापडली आणि तीनच आले. दुसऱ्या बैठकीत संमतीपत्र इंग्रजीत आहे, ते मराठीत करा, असं ठरलं. तिसऱ्या बैठकीत समितीतले 'सामान्य नागरिक' म्हणून नेमलेले निवृत्त बँक मॅनेजर पहिल्यांदाच बोलले. त्यांनी विचारलं, "माझा डावा गुडघा घेता येईल का?" तो का घेता येत नाही यावर वीस मिनिटं चर्चा झाली, ते नाराज झाले, आणि नाराजीतच मंजुरी मिळाली.

मराठी संमतीपत्र चार पानांचं झालं. एप्रिलच्या एका रविवारी सकाळी बसवनगरच्या सभागृहात मन्मथनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'इजा झाल्यास' हे शब्द येताच चार जण चपला शोधू लागले. कॉलनीतले माणिकप्पा हे निवृत्त तलाठी. कागद दिसला की त्यांचा चष्मा आपोआप नाकावर येतो. ते उठले आणि म्हणाले, "सह्या करायच्या आधी ईचार करा. चार पानी कागदावर सही मागतंय म्हनजे काहीतरी जातंयच."

"काका, काही जात नाही. तुमचा हक्क सुरक्षित राहावा म्हणून आहे ते."

"हक्क सुरक्षित हाय तर लिवलं कामून?"

शेवटी नीलम्मानं पहिली सही केली. तिचे दोन्ही गुडघे पाच वर्षांपासून दुखत होते. मुलगा हिशेबात घेईल की नाही अशी तिला धाकधूक होती, कारण मुलाच्या कामात घरचं माणूस बरं दिसत नाही. मन्मथनं नियम पाहिले, आईला मनाई करणारा नियम सापडला नाही, आणि तिला चौदा नंबरची बाटली मिळाली. मग तिच्यामागोमाग सगळ्यांनीच सह्या केल्या. दुखण्याच्या बाबतीत आपण मागे राहिलो असं कुणालाच होऊ द्यायचं नव्हतं.

आता दुखणं मोजायचं. मन्मथनं फळ्यावर रेघ ओढली, एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला दहा. "आपला गुडघा किती दुखतो, ते या रेघेवर सांगायचं." पहिल्या आल्या केवळाबाई. तीस वर्षं अंगणवाडीत काम करून निवृत्त झालेल्या, साऱ्या कॉलनीच्या मावशी. त्या म्हणाल्या, "दहा." दुसरा म्हणाला, "दहा." सतरा जणांनी ओळीनं दहा सांगितले तेव्हा मन्मथला शंका आली. केवळाबाईंनी खुलासा केला, "आपल्या कॉलनीचं पोरगं डाक्टर होऊलालाय. आमी काय कमी मार्क देनार हाव का तुला? पैकीच्या पैकी!"

मन्मथ चिडला नाही. तो वैज्ञानिक होता. त्यानं शांतपणे पुन्हा समजावलं की हे मार्क नव्हेत, जास्त आकडा म्हणजे जास्त दुखणं. आणि मग, सगळ्यांना नीट कळावं म्हणून, त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "आकडा जसजसा खाली येईल, तसतसं माझं काम होईल." त्या वाक्याची काही गरज नव्हती. पण शिकवणाऱ्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. सभागृहात सगळ्यांनी समजुतीनं माना डोलावल्या. पुन्हा आकडे घेतले. कुणी आठ सांगितलं, कुणी सात. नीलम्मानं आठ सांगितलं.

तो नांदेडला परतला आणि बसवनगरात अशांतता सुरू झाली. संमतीपत्रात प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं की निम्म्या लोकांना साधं तेल मिळेल. आता आपलं साधं असलं तर? माणिकप्पांनी आपल्या तेलात वात भिजवून दिवा लावला. शेजाऱ्यानंही लावला. दोन्ही दिवे सारखेच जळले, म्हणून दोघांचाही संशय दुप्पट झाला. एका घरात दोन जावा सामील होत्या; मोठीनं धाकटीची बाटली रात्रीतून बदलली, धाकटीनं सकाळी ती परत बदलली, आणि मोठीनं आधीच आकड्यांचे कागद बदलून ठेवले होते. बुधवारपर्यंत त्या घरात दोन चुली होतील अशी वेळ आली.

मन्मथला यातलं काही माहीत नव्हतं. तो दर शनिवारी दुपारच्या बसनं लातूरला येई आणि रविवारी सभागृहात वही घेऊन बसे. आणि आकडे असे काही उतरत होते की काय सांगावं! आठाचे सात, साताचे सहा, सहाचे पाच. एकाही माणसाचा आकडा चुकूनसुद्धा वर जात नव्हता. "कसं वाटतंय?" असं विचारलं की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघत, मग गुडघ्याकडे, मग म्हणत, "लई फरक हाय. चार लिव." नीलम्मा आठवरून सहाव्या रविवारी तीनवर आली. त्या दिवशी मन्मथनं घरी आनंदानं दोन वेळा शेवयाची खीर खाल्ली. बसलिंगप्पा म्हणाले, "माझा आजा हेच सांगत होता," आणि त्यांनीही खाल्ली.

शेवटचं काम म्हणजे बाटल्या परत घेऊन उरलेलं तेल तोलायचं. कुणी किती तेल लावलं ते त्यावरून कळतं. मन्मथनं घरच्या जेवणाच्या टेबलावर कॉलेजचा बारीक काटा ठेवला आणि पहिली बाटली तोलली. उरलं होतं बत्तीस ग्रॅम. दुसरी बत्तीस ग्रॅम. तिसरीही बत्तीस. काटा बिघडला म्हणून त्यानं तो बंद करून पुन्हा चालू केला, त्यावर जिऱ्याची पुडी ठेवून पाहिली, काटा ठीक होता. तीसच्या तीस बाटल्यांत बत्तीस ग्रॅम तेल उरलं होतं.

"अव्वा," त्यानं स्वयंपाकघराकडे हाक मारली, "सगळ्यांचं सारखंच तेल कसं उरलं?"

"केवळाबाईनं मापानं भरलं की," नीलम्मा आतून म्हणाली. तिच्या आवाजात अपराधाचा मागमूस नव्हता. "तू तोलनार म्हनलास. कुनाचं कमी-जास्त दिसाय नको."

"पण भरलं कशातून?"

"पातेल्यातून."

पितळी पातेलं ओट्याखालीच होतं. पहिल्याच बुधवारी, दोन जावांचं भांडण कॉलनीभर झाल्यावर, केवळाबाईंनी तीस बाटल्या नीलम्माच्या स्वयंपाकघरात जमा केल्या, सगळं तेल एका पातेल्यात ओतलं, पळीनं ढवळलं आणि मापानं पुन्हा तीस ठिकाणी भरलं; बाटल्या परत द्यायच्या आदल्या रात्री उरलेलं तेलही त्यांनी असंच सारखं वाटलं. म्हणजे औषध आणि साधं तेल यांची तुलना करणारी ही चाचणी तिसऱ्या दिवशीच संपली होती. बाकी सहा आठवडे मन्मथ एकटाच ती चालवत होता.

तो तसाच केवळाबाईंच्या दारात गेला. त्याचा आवाज चढला होता आणि चढलेला आवाज त्याला शोभत नसे. "मावशी, तुम्ही माझी सहा वर्षं पाण्यात घातली!"

केवळाबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बस. तीस वरीस म्या लेकरांना सुकडी वाटली. सायेब आले, गेले, माप बदललं न्हाई. एका वळीत बसलेल्या दोन लेकरांत एकाला सुकडी वाढायची अन् दुसऱ्याच्या ताटात भुसा, वरून रंग सारखा! असं कुनी केलं तर तू काय म्हनशील?"

"हे जेवण नव्हतं. हा प्रयोग होता."

"पंक्तिप्रपंच होता ह्यो. लई पाप लागतंय त्याचं. तुला लागलं असतं. म्या लागू दिलं न्हाई."

वर्गात मन्मथ या विषयावर पाऊण तास बोलत असे. पण दारात बसलेल्या या बाईसमोर त्याला स्वतःचाच मुद्दा थोडा लाजिरवाणा वाटला, आणि त्याचा त्याला आणखी राग आला. घरी बसलिंगप्पांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "पन्नास वरीस दुकान चालवतोय. भेसळ म्हनून कधी झाली न्हाई. तुमी मायलेकानं सहा आठवड्यांत करून दावली." नीलम्माला तेव्हाच कळलं की काहीतरी मोठं मोडलंय, आणि ती भिंतीला धरून आत गेली.

सोमवारी नांदेडच्या बसमध्ये मन्मथला एक वाईट विचार आला, तो इथे लपवण्यात अर्थ नाही. मॅडमच्या कपाटातलं पाकीट उघडायचं, साध्या तेलाचे नंबर कोणते ते बघायचं, आणि त्या पंधरा जणांचे आकडे थोडे वर सरकवायचे. तीनाचे सहा, चाराचे सात. आकडा सरकवायला हात लागतो फक्त. पातेल्याची गोष्ट बसवनगराबाहेर कुणाला ठाऊक होणार? विष्णुपुरी येईपर्यंत त्यानं मनातल्या मनात नऊ माणसांचे आकडे सरकवलेही. मग त्याला उंदरांची खोली आठवली, आणि कसलंही मोठं कारण न घडता त्याला ते जमेनासं झालं.

त्यानं मॅडमना सगळं सांगितलं. सत्यशीला मॅडमनी विचारलं, "पातेलं केवढं होतं?"

"दहा लिटरचं, मॅडम."

"ढवळलं किती वेळ?"

"पळीनं. चांगलं ढवळलं म्हणतात."

"म्हणजे एकजीव झालं असणार," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या हसत होत्या की काय, ते मन्मथला शेवटपर्यंत कळलं नाही. "मुदतवाढ मागा. चाचणी पुन्हा घ्या."

मुदतवाढीच्या अर्जात कारणाचा रकाना होता. मन्मथनं लिहिलं, 'सहभागी व्यक्तींनी औषध समान वाटून घेतले.' खिडकीतल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं आणि अर्ज परत सरकवला. "हे कारण यादीत नाही. यादीत चार आहेत. आजारपण, बाळंतपण, मार्गदर्शकाचं निधन, नैसर्गिक आपत्ती. तुम्ही आजारी आहात का?"

"नाही."

"बाळंतपण तर नाहीच. मार्गदर्शक?"

"आहेत. आत्ताच भेटून आलो."

"मग आपत्तीच राहिली," कारकून सहानुभूतीनं म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं त्या चौकोनात खूण केली. "सोबत पंचनामा जोडा."

माणूस बुडत असला की काडीचा आधार घेतो, मन्मथनं माणिकप्पांचा घेतला. तलाठी म्हणून निवृत्त झाल्यापासून माणिकप्पांना कुणी पंचनामा मागितला नव्हता. त्यांनी पांढरा सदरा घातला, रविवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं, पातेलं टेबलावर मांडलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले. "आम्ही खाली सह्या करणारे पंच, नीलम्मा बसलिंगप्पा धनुरे यांच्या स्वयंपाकघरात समक्ष पाहणी केली असता, दहा लिटर मापाचे एक पितळी पातेले चालू स्थितीत आढळून आले. सदर पातेल्यात तीस बाटल्यांतील तेल ओतून, पळीने ढवळून, समप्रमाणात परत भरण्यात आले. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. जीवितहानी नाही. नुकसान झाले ते विद्येचे झाले." शेवटच्या वाक्यावर सभागृह गंभीर झालं. संमतीपत्राला घाबरलेली माणसं इथे सहीसाठी रांगेत उभी राहिली. पंचनामा त्यांच्या ओळखीचा होता.

या कागदावर पुढे सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. वरच्या कुणी तो वाचला असेल असं वाटत नाही. पण त्या रविवारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माणिकप्पा सह्या घ्यायला तयार नव्हते.

"नुकसानीचा तपशील ऱ्हायला," ते म्हणाले. "गारपिटीत सोयाबीन गेलं म्हनून भागत न्हाई, किती गेलं ते लिवावं लागतंय. मन्मथच्या वहीत समदे तीन अन् चार हायत. ते खरं हाय का? सरकारी कागद हाय. खोटं सांगितलं तर पंच आत जातील."

सभागृहात चुळबुळ झाली. केवळाबाई आधी बोलल्या. "माझं सात हाय. पयल्यापासून सातच. तुझं लगीन अडू ने म्हनून तीन म्हनले." मग एकेक जण बोलू लागला. कुणाचं सहा होतं, कुणाचं सात. माणिकप्पांनी स्वतःचं आठ लिहिलं आणि कुणाकडे पाहिलं नाही. मन्मथ वही मांडीवर घेऊन ऐकत होता. आपल्याला सहा आठवडे उल्लू बनवलं म्हणून रागवावं, की या तीस माणसांच्या पाया पडावं, ते त्याला समजेना.

नीलम्माची पाळी आली. ती खुर्चीवर बसली होती. "तीनच लिवा," ती म्हणाली.

माणिकप्पांनी पेन उचललं नाही. "नीलम्मा, खरं सांगा."

तिनं मन्मथकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "नऊ."

"अव्वा, पहिल्या दिवशी तू आठ सांगितलं होतंस."

"तवा बी नऊच होतं. तुला कामून घाबरवायचं?"

"आणि मग दर रविवारी एकेक कमी?"

"तू म्हनलास की, आकडा खाली आला की तुझं काम होतंय." तिनं पदर नीट केला आणि अगदी साध्या, काळजीच्या आवाजात विचारलं, "झालं का रं मग तुझं काम?"

मन्मथला फार लाज वाटली. सहा वर्षं त्यानं उंदरांचे पंजे केसाएवढ्या फरकापर्यंत मोजले होते. आणि घरात आई पोळ्या उभ्यानं लाटते, पायऱ्या आडव्या पावलानं चढते, जमिनीवर बसायचं तिनं कधीच सोडून दिलंय, हे सगळं तो दर शनिवारी बघत आला होता. बघून जेवायला बसत होता. प्रश्न त्यानं विचारला होता, तो रेघेसमोर वही घेऊन, तीस जणांत चौदावी म्हणून.

"नाही झालं, अव्वा," तो म्हणाला. "आता सुरू करायचंय."

तो उठून तिच्या खुर्चीजवळ खाली फरशीवर बसला. वहीचं कोरं पान काढलं, वर तारीख घातली आणि लिहिलं: नीलम्मा बसलिंगप्पा धनुरे, दोन्ही गुडघे, नऊ. मग त्यानं विचारलं, "रात्री झोप लागते का?" नीलम्मा आधी हो म्हणणार होती. मग तिनं सांगायला सुरुवात केली. बरंच होतं, आणि माणिकप्पांनी पेनचं टोपण लावून सगळ्यांना थांबायला सांगितलं.